ब्रांकुशीचे पक्षी आणि इंदूरचे न झालेले मंदिर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पॅरिसच्या पोंपिदू या आधुनिक कलेच्या केंद्रात २७ मार्च ते १ जुलै २०२४ या काळात भरलेल्या कॉन्स्तांतिन ब्रांकुशी या शिल्पकाराच्या प्रदर्शनाविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला परिचयलेख वाचला. लेख नेटका होता, तरी त्यातील एका वाक्याने अस्वस्थ केले. 'भारतातील एका संस्थानिकानेही त्याची काही शिल्पे विकत घेतली होती' असे म्हणून लेखकाने तो विषय तिथेच सोडून दिला आहे. हे संस्थानिक म्हणजे इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर, दुसरे. ब्रांकुशीसाठी ते नुसते गिऱ्हाईक नव्हते, तर त्याने आयुष्यात हाती घेतलेल्या दोन सर्वांत मोठ्या कामांपैकी एक काम त्यांच्यासाठी व्हायचे होते. ते झाले नाही, म्हणूनच बहुधा ते एका वाक्यात आटोपता येते. माझे सारे आयुष्य इंदुरात गेले आहे आणि मुलीकडे आले असताना हे प्रदर्शन मला सावकाश पाहता आले, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर हरकत नाही, मात्र मंदिराचा भाग राहू द्यावा, ही विनंती.

आधी प्रदर्शनाविषयी. ब्रांकुशीचा जन्म १८७६ मध्ये रुमानियातील होबित्सा या खेड्यात झाला. बुखारेस्टमध्ये कलाशिक्षण घेऊन तो १९०४ मध्ये पॅरिसला आला आणि १९५७ मध्ये तिथेच वारला. त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे त्याची संपूर्ण कार्यशाळा, म्हणजे शिल्पे, बैठका, हत्यारे, भट्टी आणि घरचे सामान, फ्रेंच सरकारकडे आली. आपण जाताना कार्यशाळा जशी असेल तशीच ती पुन्हा मांडली जावी, अशी त्याने अट घातली होती. वास्तुकार रेन्झो पियानो यांनी पोंपिदू केंद्रासमोर तिच्यासाठी बांधलेली वास्तू १९९७ मध्ये लोकांना खुली झाली. हे केंद्र दुरुस्तीसाठी काही वर्षे बंद राहायचे असल्याने ती कार्यशाळाही हलवणे भाग पडले, आणि या अडचणीतूनच हे प्रदर्शन उभे राहिले. एरवी काचेबाहेरून पाहावी लागणारी शिल्पे त्यामुळे मोकळ्या जागेत आली, आणि लंडन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया व रुमानिया येथील संग्रहालयांनी आपापल्याकडची शिल्पे त्यांच्या शेजारी ठेवायला दिली. कार्यशाळेचा काही भाग प्रदर्शनाच्या मध्यभागी पुन्हा रचलेला होता आणि बाकीची दालने त्याच्याभोवती होती.

पुतळा कसा घडतो, हे आपल्याकडच्या वाचकांना साधारण ठाऊक असते. आधी मातीकाम, मग प्लास्टरचा साचा, मग ओतकाम. संगमरवरात करायचे असल्यास मातीच्या नमुन्यावरून मापे घेऊन कसबी कारागीर दगड कोरतात. ब्रांकुशी पॅरिसला आला, तेव्हा तिथेही हीच रीत होती आणि तिचा सर्वांत मोठा धनी फ्रेंच शिल्पकार रोदँ होता. १९०७ मध्ये ब्रांकुशी काही आठवडे रोदँच्या कार्यशाळेत राबला आणि बाहेर पडला. मोठ्या झाडाखाली दुसरे काही वाढत नाही, असे त्याने म्हटल्याचे सांगतात. त्यानंतर लगेचच त्याने केलेले 'चुंबन' हे शिल्प पाहिले की, तो कशापासून दूर गेला हे ध्यानात येते. दगडाचा एकच ठोकळा, त्यात एकमेकांना बिलगलेली दोन माणसे. हात सपाट पट्ट्यांसारखे, केस दोन-चार उभ्या-आडव्या खाचांचे, आणि समोरासमोर आलेले दोन डोळे मिळून जणू एकच डोळा झालेला. माती नाही, मापे नाहीत, मधला कारागीर नाही. छिन्नी थेट दगडाला लागली आहे आणि दगडाचा ठोकळेपणा जसाच्या तसा राखला आहे.

प्रदर्शनात मी सर्वाधिक वेळ 'लीडा'पाशी घालवला. ग्रीक पुराणकथेत झ्यूस देव हंसाचे रूप घेऊन लीडेकडे येतो. ब्रांकुशीने लीडेलाच हंस केले आहे. लखलखीत ब्राँझचे एक गोटीव अंग आणि त्यातून तिरके वर निघालेले दुसरे निमुळते अंग, एवढाच हा ऐवज. खाली आरशासारखी घासलेली धातूची गोल तबकडी आहे आणि ती अतिशय संथ फिरते. ब्रांकुशीने आपल्या कार्यशाळेत त्यासाठी मोटर बसवली होती. तबकडी फिरते तसे दालनातले दिवे, भिंती आणि समोर उभी माणसे त्या पोटावरून लांबट होऊन सरकत जातात, कडेला आल्यावर दोऱ्याएवढी बारीक होतात आणि नाहीशी होतात. खाली तबकडीत लीडेचे प्रतिबिंब पडते आणि त्या प्रतिबिंबातही हेच सारे उलटे चाललेले असते. शिल्प स्थिर असते आणि पाहणाऱ्याने त्याच्याभोवती फिरायचे असते, हा समज इथे उलटतो. आपल्या शिल्पांची छायाचित्रे तो इतरांना सहसा काढू देत नसे. मॅन रे या छायाचित्रकाराच्या मदतीने साहित्य जमवून तो ती स्वतः काढी, आणि त्यांत झळाळीचा एखादा डाग शिल्पाचा आकार खाऊन टाकताना दिसला तरी ते छायाचित्र तो ठेवून देई. 'लीडा' पाहिल्यानंतर ती छायाचित्रे पाहिली की, त्यांत चूक कुठेच नव्हती हे कळते.

बैठकांविषयीही लिहिले पाहिजे, कारण मंदिराचा मुद्दा त्यांच्याशीच निगडित आहे. ओकच्या लाकडातले दातेरी खांब, चुनखडीचे नळकांडे, फुलीच्या आकाराचा दगड अशा दोन-तीन वस्तू एकावर एक रचून तो शिल्पाची बैठक करी आणि पुढे त्या मोडून दुसऱ्या शिल्पाखाली लावी. कार्यशाळेत कोणते शिल्प कोणाशेजारी उभे राहील, प्रकाश कोठून येईल, मागे कोणता पडदा असेल, हे सारे तो वर्षानुवर्षे हलवत आणि जुळवत राहिला. एखादे शिल्प विकले गेले तर रचनेत खिंडार पडू नये म्हणून तो त्याच्या जागी प्लास्टरची प्रत ठेवी. शेवटच्या वर्षांत नवीन शिल्पे करणे जवळपास थांबले, पण ही मांडणी थांबली नाही. सुटे शिल्प आणि त्याची जागा यांत तो भेद करीतच नव्हता, हे प्रदर्शन पाहताना पदोपदी जाणवते.

आता पक्षी. १९१० च्या सुमारास त्याने 'मायास्त्रा' या रुमानियन लोककथेतल्या सोनेरी पक्ष्यापासून सुरुवात केली. त्या पक्ष्याला अजून चोच होती, फुगीर छाती होती. पुढच्या प्रत्येक पक्ष्यात काहीतरी गळत गेले, आणि १९२३ पासून जे 'अंतराळातील पक्षी' आले त्यांत उरली ती एक उभी, किंचित फुगलेली, वर तिरकी छाटलेली रेघ. संगमरवरातले ७ आणि ब्राँझचे ९ असे एकूण १६ पक्षी त्याने केले, पण त्यांपैकी कोणतेही दोन सारखे नाहीत. ओतीव ब्राँझ हाती आले की, खरे काम सुरू होई. कानशीने आणि पुढे अधिकाधिक बारीक कागदाने घासत घासत तो पृष्ठभाग असा करी की, धातूची जाडी नजरेला जाणवूच नये. तळाशी अंग इतके निमुळते होते की, एवढा भार एवढ्याशा जागेवर कसा पेलला, याचेच पाहणाऱ्याला आश्चर्य वाटावे. संगमरवर तर असा बारीक कोरताना मोडण्याचीच भीती.

'यात पक्षी कुठे आहे?' हा प्रश्न विचारणाऱ्याला हसण्याचे कारण नाही. तो अमेरिकेच्या जकात खात्याने अधिकृतपणे विचारला होता. १९२६ मध्ये एडवर्ड स्टायकन या छायाचित्रकाराने विकत घेतलेला ब्राँझचा पक्षी न्यूयॉर्क बंदरात उतरला, तेव्हा कलाकृतीला असलेली करमाफी नाकारून अधिकाऱ्यांनी त्यावर धातूच्या वस्तूंचा ४० टक्के कर लावला आणि त्याची नोंद स्वयंपाकघरातील भांडी व रुग्णालयाचे साहित्य या सदरात केली. प्रकरण न्यायालयात गेले. आधीच्या एका निवाड्याप्रमाणे शिल्प म्हणजे निसर्गातील वस्तूची प्रतिकृती असणे आवश्यक होते, त्यामुळे हा पक्षी दिसतो का, शिकाऱ्याने याच्यावर बंदूक रोखली असती का, असले प्रश्न साक्षीदारांना ऐकावे लागले. २६ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यायालयाने ब्रांकुशीच्या बाजूने निकाल दिला आणि नव्या कलाप्रवाहांशी कोणी सहमत असो वा नसो, त्यांचे अस्तित्व मान्य करावे लागते, अशी भूमिका घेतली. कर लावणाऱ्या अधिकाऱ्यांना बुरसटलेले ठरवणे सोपे आहे. मला मात्र त्यांच्या आडमुठेपणाचे उपकारच वाटतात, कारण त्यांच्यामुळे हा वाद चहाच्या टेबलावरून उठून शपथेवर नोंदला गेला.

त्या निकालानंतर थोड्याच वर्षांत आपले होळकर महाराज या पक्ष्यांपाशी येऊन पोहोचले. मुंबईतील बावला या व्यापाऱ्याच्या खुनाच्या प्रकरणानंतर १९२६ मध्ये त्यांचे वडील तुकोजीराव होळकर यांना गादी सोडावी लागली आणि जेमतेम सतरा-अठरा वर्षांचे यशवंतराव गादीवर आले. पूर्ण अधिकार त्यांना १९३० मध्ये मिळाले. शिक्षण इंग्लंडमध्ये झालेले, पत्नी संयोगिताबाई कागलच्या घाटगे घराण्यातल्या. म्हणजे या कहाणीचे एक टोक माळव्यात असले तरी दुसरे कोल्हापूरच्या शिवेवर आहे, याची महाराष्ट्रातील वाचकांनी नोंद घ्यावी. या दांपत्याने एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून इंदुरात १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. घुमट नाही, महिरपी नाहीत, नक्षी नाही. आत रुलमान, आयलीन ग्रे, ल कॉर्ब्युझिए या युरोपातल्या नामवंत रचनाकारांनी घडवलेले, त्या वेळी युरोपातही नवलाचे वाटणारे सामान. आँरी-पिएर रोशे हे फ्रेंच लेखक त्यांचे कलाव्यवहारातले सल्लागार होते आणि त्यांनीच महाराजांना ब्रांकुशीकडे नेले. महाराजांनी एक ब्राँझचा पक्षी घेतला, आणि काळ्या व पांढऱ्या संगमरवरात आणखी दोन करवून घेतले. ४० टक्के कर कशावर लावायचा, हे जिथे नुकते ठरले होते त्या जगात पंचविशीच्या आसपासच्या एका मराठी राजाने तीन पक्षी घ्यावेत, याला नुसती राजाची हौस म्हणून चालणार नाही. हौसेला एक पुरतो.

तिघांसाठी घर हवे, यातून मंदिराची कल्पना पुढे आली. उपलब्ध वर्णने तपशिलात एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, तरी गाभा सारखा आहे. खिडक्या नसलेली, बाहेरून बंद दिसणारी ध्यानाची खोली. आत जाण्याचा मार्ग जमिनीखालून. मध्ये चौकोनी जलाशय आणि त्याच्या बाजूंना ते तीन पक्षी. आणि छतातील एका झरोक्यातून ठरावीक वेळी येणारा सूर्यप्रकाश ब्राँझच्या पक्ष्यावर पडावा, अशी योजना. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात असलेले सुमारे तीन मीटर उंचीचे 'राजांचा राजा' हे ओकच्या लाकडाचे शिल्पही याच मंदिरासाठी योजले होते, असे मानले जाते. त्याला आधी 'बुद्धाचा आत्मा' असे नाव होते. मिलारेपा या तिबेटी संताचे चरित्र ब्रांकुशीच्या उशाशी असे, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाकडे तो केवळ मोठी बिदागी म्हणून पाहत नव्हता, हे स्पष्ट होते.

आपल्या लेखकाने हा विषय गौण मानला, त्यावर माझा आक्षेप इथेच आहे. 'लीडा'ची तबकडी, लाकडा-दगडाच्या बैठका, प्लास्टरच्या प्रती ठेवून राखलेली कार्यशाळा, या सर्वांत तो ज्याच्या मागे होता ते म्हणजे शिल्प, प्रकाश, पाणी आणि पाहणारा यांची एकच बांधणी. आणि ती भिंतींसकट, पायापासून उभारण्याची संधी त्याला इंदुरातच मिळणार होती. हा माझा माळवी अभिमान बोलत असावा असे वाटल्यास त्याच काळातले रुमानियातील तिर्गु जिऊ येथील काम पाहावे. पहिल्या महायुद्धातील हुतात्म्यांच्या स्मरणार्थ तिथल्या महिला संघटनेने त्याच्याकडून स्मारक करवून घेतले. नदीकाठचे 'मौनाचे मेज', बागेतले 'चुंबनाचे द्वार' आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला २९ मीटरहून उंच 'अनंत स्तंभ', असे सारे गावातून जाणाऱ्या एकाच सरळ रेषेवर त्याने बसवले. एकसारखे लोखंडी मणी एकावर एक चढवून तो स्तंभ १९३७ च्या शरद ऋतूत उभा राहिला, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच ब्रांकुशी हिंदुस्थानच्या बोटीत बसला. एक काम उरकून त्याच तोडीचे दुसरे हाती घ्यायला तो निघाला होता.

१९३८ च्या जानेवारीत तो इंदुरात होता. पण १९३७ मध्येच संयोगिताबाई स्वित्झर्लंडमध्ये, ऐन तारुण्यात वारल्या होत्या आणि महाराजांचे मन उडाले होते. बांधकाम सुरू झाले नाही, आणि ब्रांकुशी रिकाम्या हाताने परतला. पुढे युद्ध आले, संस्थाने विलीन झाली, १९६१ मध्ये यशवंतराव वारले. माणिकबागेतील सामानाचा मोठा लिलाव १९८० मध्ये माँटे कार्लो येथे झाला. संगमरवरी दोन्ही पक्षी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने १९७३ मध्ये विकत घेतले असून ते कॅनबेरात आहेत. ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. आणि माणिकबाग राजवाड्यात आज केंद्रीय उत्पादनशुल्क व सीमाशुल्क खात्याचे कार्यालय आहे! न्यूयॉर्कच्या जकात खात्याने भांड्यांत घातलेल्या पक्ष्याच्या भावंडांचे घर अखेर जकात खात्याकडेच जावे, हा योगायोग कोणा नाटककाराने रचला असता तर आपण त्याला बेतलेला म्हटले असते.

हे सारे कळल्यावर काहींच्या तोंडी लगेच 'पक्षी परत आणा' अशी भाषा येईल, म्हणून आधीच लिहून ठेवते की मला ती मान्य नाही. हे पक्षी कोणी लुटून नेलेले नाहीत. मालकांनी ते रोख पैसे मोजून घेतले आणि पुढे विकले गेले. शिवाय जिथे ते आहेत तिथे रोज लोक ते पाहतात, आणि इंदुरात असताना ते पाहण्याचे भाग्य राजवाड्यात प्रवेश असलेल्यांपुरतेच होते. जे परत आणता येते ते वेगळे आहे. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने यशवंतराव महाराज आणि माणिकबाग यांवर मोठे प्रदर्शन भरवले. त्यात मॅन रेने काढलेली या दांपत्याची छायाचित्रे होती, मूळ सामान होते. असे प्रदर्शन इंदुरात किंवा मुंबईत कोणी भरवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मूळ वस्तूंचा विमा आणि वाहतूक आपल्याला झेपणार नाही, हे मान्य. पण माणिकबागेचे आराखडे, छायाचित्रे, ब्रांकुशी व रोशे यांचा पत्रव्यवहार, जकात खटल्यातील साक्षी, तिर्गु जिऊची मापे यांच्या प्रती मिळवता येतात, आणि वर्णनांवरून मंदिराची लहान प्रतिकृती उभी करून झरोक्यातला प्रकाश कसा आला असता हे दाखवणे स्थापत्याच्या विद्यार्थ्यांना नक्की जमेल. वर्णने जुळत नसल्याने दोन-तीन वेगवेगळ्या प्रतिकृती झाल्या तर अधिकच चांगले; पाहणाऱ्यालाही विचार करायला काही उरेल. अशा प्रदर्शनाचे सारे फलक मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत असावेत. पोंपिदूतील फलक मला मुलीकडून समजून घ्यावे लागले, आणि ती कामात असली की मी नुसतीच पाहत राही. त्याने बिघडले काही नाही, पण जकात खटल्यासारखी गोष्ट नजरेने कळत नाही.

माणिकबागेपुरती मागणी त्याहूनही लहान आहे. कार्यालय तिथे असायला माझी हरकत नाही. उलट सरकारी कार्यालयामुळेच ती वास्तू उभी राहिली आणि तिच्या जागी इमारतींचे संकुल आले नाही, असे मला वाटते. परंतु वर्षातून काही सुट्टीच्या दिवशी, नाव नोंदवून, ठरावीक संख्येने नागरिकांना दर्शनी दालने आणि बाग दाखवण्याची सोय कामात व्यत्यय न आणता करता येण्यासारखी आहे. दर्शनी भागात वास्तुकाराचे नाव, बांधकामाची वर्षे आणि तीन पक्ष्यांची छायाचित्रे असलेला एक फलक लावायला तर फारसा खर्चही नाही. इंदुरातील मराठी संस्थांनी असे निवेदन संबंधित खात्याला द्यावे. मी येत्या महिन्यात परतत आहे आणि मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे दिल्यास आनंदाने करीन. दरम्यान आपल्या पुरवणीने मूळ लेखाला पुरवणी म्हणून यशवंतराव महाराज व संयोगिताबाईंवर स्वतंत्र लेख छापावा, आणि शक्य झाल्यास त्यासोबत कॅनबेरातील काळ्या आणि पांढऱ्या पक्ष्यांचे शेजारी-शेजारी घेतलेले छायाचित्र द्यावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, इंदूर
(मुक्काम सध्या पॅरिस)